केस लांब आहेत, पण काम कोणते?

प्रश्न: आम्ही घरात चौघे आहोत: मी, पती, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहतो. आम्ही दोघेही सकाळी नऊला बाहेर पडतो ते संध्याकाळी सातला परततो. सासूबाई दिवसभर घरी असतात. कुत्रा आणायचे आता नक्की झाले आहे आणि तो लांब केसांचाच हवा यावर घरात एकमत आहे, पण जातीवर मात्र नाही. मला अफगाण हाउंडच्या छायाचित्रांनी वेड लावले आहे, मुलीला पांढराशुभ्र सॅमोयेड हवा आहे आणि पती म्हणतात की छोटा शिह त्झू बरा. लांब केसांची कुत्री स्वभावाने शांत आणि मायाळू असतात असे ऐकले आहे, ते खरे का? या जाती मुळात कुठल्या? उन्हाळ्यात केस पूर्ण काढून टाकले तर चालतात का? सासूबाईंना शिंकांचा त्रास आहे, तेव्हा केस न गळणारी एखादी जात सुचवाल का?

उत्तर: तुमच्या पत्रातल्या एका ऐकीव वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याच आधाराने उभे आहेत. लांब केसांची कुत्री शांत आणि मायाळू असतात, हा समज बहुधा आपल्या हातामुळे झालेला असावा. मऊ केसांवरून हात फिरवताना आपल्याला शांत वाटते आणि ती शांतता आपण कुत्र्याच्या नावावर जमा करतो.

केस लांब वाढणार की आखूड राहणार, हे कुत्र्यांमध्ये मुख्यतः एफजीएफ५ नावाच्या एका जनुकावर ठरते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ८० जातींच्या हजाराहून अधिक कुत्र्यांची तपासणी झाली, तेव्हा केसांची लांबी, कुरळेपणा आणि दाढीमिशा यांतला बहुतेक फरक अवघ्या तीन जनुकांनी उलगडतो असे दिसून आले. लांब केसांचा गुण अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसणारा, असल्यामुळे आखूड केसांच्या आईबापांच्या पोटीही अधूनमधून एखादे झुबकेदार पिल्लू जन्माला येते. केस झुबकेदार आहेत म्हणून ते भावंडांपेक्षा जास्त मायाळू निघेल, असे मानायला काहीही आधार नाही.

स्वभाव घडतो तो वेगळ्या वाटेने. शेकडो वर्षे ज्या कामासाठी निवडून निवडून पैदास झाली, त्या कामाची ओढ जातीत उतरते; त्यावर आईचा स्वभाव, पहिल्या काही महिन्यांत भेटलेली माणसे आणि घरचे वळण यांचे थर चढतात. इथेही मी जातीचा फार बडेजाव करणार नाही. २०२२ साली अमेरिकेत १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि त्यांतल्या सुमारे २,००० कुत्र्यांची जनुके वाचून एक मोठा अभ्यास झाला. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी ९ टक्क्यांच्या आसपासच फरक जातीवरून सांगता येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून जातीबद्दल मी पुढे जे लिहितो आहे, त्याला कल समजावे, हमी समजू नये. तरीही कल कळण्यासाठी विचारण्यासारखा सर्वांत उपयोगी प्रश्न एकच आहे: या कुत्र्याला कोणत्या कामासाठी घडवले होते?

उदाहरणादाखल हंगेरीचा कोमोंडोर घ्या. अंगभर पांढऱ्या दोरखंडांसारख्या जटा, डोळे केसांआड, आणि एकूण रूप असे की फरशी पुसायचे मोठे पोतेरे चालत आल्यासारखे वाटावे. लांब केसांची याहून टोकाची जात सापडणे कठीण आहे. त्या जटा म्हणजे लांडग्याच्या दातांपासून बचाव करणारे चिलखत होते, कारण रात्री कळपाजवळ एकट्याने राहून मेंढ्यांची राखण करणे हे त्याचे काम होते. अनोळखी माणसाला तो सहजासहजी जवळ करत नाही आणि नवख्या मालकाने त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याच देशातला पुली हा तशाच जटांचा, पण लहानखुरा आणि चपळ. त्याचे काम मेंढ्या हाकण्याचे, म्हणून तो दिवसभर काही ना काही उद्योग शोधत असतो. दोघांचे केस पाहून तुम्ही त्यांना काका-पुतणे म्हणाल, पण एकाच घरात ठेवून पाहिलेत तर दोन वेगळे स्वभाव वागवावे लागतील.

आता अफगाण हाउंड. अफगाणिस्तानच्या डोंगराळ मुलखातला हा शिकारी कुत्रा नजरेवर शिकार करतो. दूरवर ससा हलताना दिसला की हुकुमाची वाट न पाहता धाव घ्यायची, खडकाळ उतारावर कुठे वळायचे आणि कुठे उडी घ्यायची हे धावता धावता स्वतःच ठरवायचे, आणि मागे राहिलेला शिकारी येऊन पोहोचेपर्यंत सावज धरून ठेवायचे, असे त्याचे आयुष्य होते. १९०७ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात झार्डिन नावाच्या अफगाणाने पाहणाऱ्यांना भुरळ घातली. पुढे १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये दोन घराणी आली: मेजर बेल-मरे यांनी आणलेली सखल भागातली, कमी केसांची, आणि मेरी अ‍ॅम्प्स यांनी आणलेली गझनी नावाची डोंगरी, दाट केसांची. आजचे बहुतेक अफगाण या दोन्हींच्या संकरातून आलेले आहेत.

छायाचित्र पुन्हा नीट पाहा. खांद्यांपासून पायांपर्यंत रेशमी केस झुळझुळत असले, तरी पाठीवर मधोमध खोगिरासारखा आखूड केसांचा पट्टा दिसेल. तो कात्रीने केलेला नसतो. कुत्रा मोठा होताना पाठीवरचे पिल्लूपणीचे केस गळून तो आपोआप तयार होतो. बाकीचे केस मात्र आपोआप तसे राहत नाहीत. त्या झुळझुळीमागे कुणाचे तरी अंघोळ, वाळवणे आणि विंचरणे यांत गेलेले कितीतरी तास असतात, आणि त्या माणसाला छायाचित्रात जागा मिळत नाही.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ साली आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांची मते घेऊन जातींची जी क्रमवारी लावली, तिच्यात अफगाण अगदी तळाला होता. त्यावरून लोक त्याला मंदबुद्धी म्हणतात, ते मला पटत नाही. ज्याचे काम स्वतः निर्णय घेण्याचे होते, त्याने तुमच्या ‘बस’ आणि ‘ये’ला किंमत का द्यावी? घरात तो मांजरासारखा अलिप्त असतो, माया करतो ती स्वतःच्या वेळेनुसार, आणि मोकळ्यावर साखळी सोडलीत तर हाका मारून परत येईल याचा भरवसा नसतो. कुंपण घातलेले मोठे मैदान रोज उपलब्ध असेल, तरच त्याला न्याय मिळतो. तुमच्या घरासाठी मी त्याला स्पष्ट नकार देतो. छायाचित्रे जरूर भिंतीवर लावा.

मुलीच्या सॅमोयेडची गोष्ट उलट आहे, कारण स्वभावाच्या बाबतीत तिची निवड खरोखर चांगली आहे. सायबेरियातील नेनेत्स आणि त्यांच्या भाऊबंद लोकांनी हा कुत्रा रेनडिअरचे कळप राखायला, शिकारीला आणि घसरगाड्या ओढायला पाळला, आणि कडाक्याच्या थंडीत तो माणसांबरोबर तंबूत झोपत असे. माणसांना चिकटून राहण्याची सवय त्याच्यात इतकी मुरली आहे की अनोळखी पाहुण्याचेही तो हसतमुखाने स्वागत करतो. राखणीला त्याचा फारसा उपयोग नाही. पण तो गप्प राहत नाही, एकटा पडला की गळा काढतो आणि त्याला भरपूर व्यायाम लागतो. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वर राठ लांब केस आणि खाली दाट मऊ लव. वर्षातून एकदा-दोनदा ती लव गळू लागली की घरात कापूस पिंजल्यासारखी अवस्था होते, मग कपड्यांपासून जेवणाच्या ताटापर्यंत काहीही सुटत नाही. उन्हाळा कडक असेल, तर उणे तापमानासाठी घडलेल्या प्राण्याला पंख्याखाली धापा टाकताना पाहणे मुलीलाही सोसवणार नाही. तिला नकाराचे हे कारण मोकळेपणाने सांगा. नऊ वर्षांच्या मुलांना ते कळते.

पतींच्या शिह त्झूकडे वळण्याआधी तीन चुलतभावंडांतला फरक सांगायला हवा, कारण इथे सर्वांत जास्त फसगत होते. तिबेटच्या पठाराशी नाते सांगणाऱ्या तीन लांबकेशी जाती दुरून सारख्याच दिसतात. ल्हासा अप्सो मठांच्या आणि घरांच्या आत पहारा देत असे. बाहेर दांडगे मास्टिफ आणि आत हा तीक्ष्ण कानांचा पहारेकरी, अशी ती व्यवस्था होती. तिबेटी टेरियर हा नावाचाच टेरियर. तो बिळात शिरणाऱ्या टेरियरांपैकी नाही. त्याचे पंजे बर्फावर रुतू नयेत असे रुंद आणि सपाट असतात, आणि १९२० च्या दशकात अ‍ॅग्नेस ग्रेग या डॉक्टरबाईंना भेट मिळालेल्या कुत्रीपासून त्याची पाश्चात्त्य देशांतील पैदास सुरू झाली. शिह त्झूचे पूर्वज मात्र चीनच्या राजवाड्यात पोहोचले आणि तिथे मांडीवर बसणे हेच त्यांचे काम झाले. त्याच्या नावाचा अर्थ सिंह, एवढाच काय तो त्याच्यातला सिंह. ब्रिटनमध्ये सुरुवातीला ल्हासा आणि शिह त्झू यांची एकाच नावाखाली गल्लत होत असे. १९३३ साली ती एका प्रदर्शनात शेजारी शेजारी उभी राहिली तेव्हा तफावत नजरेत भरली आणि पुढच्या वर्षी त्यांना वेगळे ठरवण्यात आले.

हा फरक मी पुस्तकातून शिकलेलो नाही. माझ्या घरी चौदा वर्षे एक ल्हासा कुत्री होती. जिन्यावर पाऊल वाजले की ती कान टवकारायची, ओळखीचे असेल तर पुन्हा मान टाकायची आणि अनोळखी असेल तर दार उघडण्याआधीच घर डोक्यावर घ्यायची. नळदुरुस्तीला येणाऱ्या माणसाला तिने अखेरपर्यंत माफ केले नाही. शेजारच्या घरातला शिह त्झू त्याच माणसाच्या पिशवीवर डोके ठेवून झोपायचा. विकणाऱ्याने दोन्ही पिल्ले ‘एकच हो, फक्त नाव वेगळे’ असे सांगून दाखवली, तर तिथून उठा.

मांडीवरच्या आणखी काही जाती थोडक्यात सांगतो. मॉल्टीज ही भूमध्य समुद्राच्या काठची दोन हजार वर्षांहून जुनी सोबती जात. प्रेमळ, पण हाडाने नाजूक. हॅवनीज क्यूबाची, त्याच गोतावळ्यातली, थोडी दणकट आणि मुलांबरोबर खेळायला उत्साही. यॉर्कशायर टेरियरकडे मात्र रेशमी केस आणि रिबिनीवरून पाहू नका. १९ व्या शतकात उत्तर इंग्लंडच्या गिरण्यांच्या परिसरात, स्कॉटलंडहून आलेल्या विणकरांच्या छोट्या टेरियरांपासून ही जात तयार झाली आणि उंदीर मारणे हे तिचे काम होते. जातीचा मूळपुरुष मानला जाणारा हडर्सफील्ड बेन १८६५ साली जन्मला. अडीच-तीन किलोच्या देहात टेरियरचा सगळा ताठा भरलेला असतो आणि त्याचे भुंकणे चौथ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत पोहोचते.

मोठ्या जातींपैकी गोल्डन रिट्रीव्हर तुम्हाला कुणीतरी सुचवीलच. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्या इस्टेटीवर १८६८ साली नूस हा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल ही ट्वीड वॉटर स्पॅनियल यांना चार पिल्ले झाली, तिथून ही जात सुरू होते. टिपलेला पक्षी तोंडात अलगद धरून माणसाच्या हातात आणून द्यायचा, असे काम असल्यामुळे माणसाचे ऐकणे त्याच्या स्वभावातच आहे. मला तो अतिशय आवडतो. पण तीस किलोच्या कुत्र्याने रस्त्यावर मांजर पाहून एक हिसका दिला तर साखळी धरलेल्या सासूबाई पडतील. दुपारचे फिरवणे त्यांच्याकडेच जाणार, हे गृहीत धरून मी हे लिहितो आहे. रफ कॉलीचेही आकर्षण असेल, तर एक गोष्ट लिहून ठेवा. या स्कॉटिश मेंढपाळ कुत्र्यांपैकी दहातल्या सुमारे सातांमध्ये एमडीआर१ नावाच्या जनुकातला दोष आढळतो आणि त्यांना आयव्हरमेक्टिनसारखी काही औषधे मोठ्या मात्रेत दिली गेली तर ती मेंदूपर्यंत पोहोचून जिवावर बेतू शकतात. गोचिडींवर कुणी सांगितले म्हणून घरच्या घरी औषध देण्याचा प्रकार कोणत्याही कुत्र्याच्या बाबतीत वाईट आहे. कॉलीच्या बाबतीत तो प्राणघातक ठरू शकतो.

आता उन्हाळा आणि कात्री. केस दोन प्रकारे वाढतात, हे समजले की उत्तर सोपे होते. सॅमोयेड, पोमेरेनियन, गोल्डन यांसारख्या दुहेरी थरांच्या कुत्र्यांचे केस ठरावीक लांबीला थांबतात आणि गळतात. त्यांचे केस मुळापासून भादरू नयेत. उन्हापासून कातडीचे रक्षण करणारा थर जातो, आणि काही कुत्र्यांचे केस नंतर महिनोन्‌महिने नीट उगवत नाहीत किंवा ठिगळे लावल्यासारखे उगवतात. त्यांची सुटी लव विंचरून काढली की हवा खेळते, तेवढे पुरते. शिह त्झू, मॉल्टीज, यॉर्कशायर टेरियर यांचे केस मात्र माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात, म्हणून ते बोटभर लांबीचे कापून ठेवायला काहीच हरकत नाही. अगदी कातडीपर्यंत मशीन फिरवू नका, एवढेच.

या दुसऱ्या प्रकाराला लोक ‘केस न गळणारी जात’ म्हणतात. गळतात तेही, पण कमी, आणि गळलेला केस जमिनीवर न पडता शेजारच्या केसांत अडकून राहतो. त्यातूनच गुंते होतात. शिंकांचे म्हणाल, तर त्रास मुख्यतः कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांनी होतो, त्यामुळे कोणतीही जात त्यातून पूर्ण मुक्त नाही. सासूबाईंना डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या, आणि जो कुत्रा आणणार त्याच्याजवळ त्यांना एकाहून अधिक वेळा तास-दोन तास बसू द्या.

गुंत्यांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण लांब केसांच्या कुत्र्यांचे खरे हाल तिथे होतात. वरून ब्रश फिरवलेला कुत्रा चकचकीत दिसतो. कानामागे, काखेत, गळपट्ट्याखाली किंवा मांड्यांच्या आत बोट घाला, की बोराएवढी घट्ट गाठ हाताला लागते. दुर्लक्ष झाले तर अशा गाठी एकमेकींना मिळून नमद्यासारखा सलग पट्टा होतो; कुत्र्याने पाऊल टाकले की तो कातडी ओढतो, आणि खाली ओल साचून चट्टे पडतात. गाठ असताना अंघोळ घातली तर ती वाळताना आणखी आवळते, म्हणून आधी विंचरायचे आणि मग पाणी. विंचरताना एका हाताने केसांचा थर वर उचलून धरावा, खालून पातळ बट सोडावी आणि लोखंडी कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडकता गेला की पुढची बट घ्यावी. लांब केस ठेवलेल्या शिह त्झूला यासाठी रोज वीस-पंचवीस मिनिटे लागतात. आखूड कापलेल्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरते.

म्हणून जातीचे नाव ठरवण्याआधी घरात बसून ठरवा, की रात्री साडेनऊला, दिवसभराच्या थकव्यानंतर, कंगवा कोण हातात घेणार. मुलगी आनंदाने ‘मी’ म्हणेल. तिचे नाव लिहा आणि त्याखाली एका मोठ्या माणसाचेही लिहा.

हे सगळे जमेस धरता माझा कौल पतींच्या बाजूने पडतो: शिह त्झू किंवा हॅवनीज, आणि केस आखूड ठेवलेले. सोबत हेच ज्यांचे काम, त्यांना एकटेपणा सोसत नाही, आणि तुमच्या घरी दिवसभर माणूस आहे ही मोठी जमेची बाजू आहे. मात्र सासूबाईंचा होकार कुत्रा घरात आल्यावर गृहीत न धरता आधी मागायला हवा. शिह त्झूचे नाक चपटे असल्यामुळे त्याला उकाड्यात दम लागतो, तेव्हा त्याला दुपारच्या उन्हात अजिबात बाहेर काढू नका, आणि मोठ्या उघड्या डोळ्यांवर केस येणार नाहीत याची काळजी घ्या. पिल्लूच हवे असा हट्ट नसेल, तर घर गमावलेला दोन-तीन वर्षांचा कुत्रा घेण्याचा विचार जरूर करा. त्याचा स्वभाव तयार झालेला असतो आणि तो अंदाजाने नव्हे, भेटून कळतो. पिल्लू घेणार असाल तर आठ आठवड्यांच्या आतले घेऊ नका, आणि आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नका.

पाहायला जाल तेव्हा चौघेही जा आणि बरोबर एक कंगवा न्या. कुत्रा मोठा असो की पिल्लू, थोडी ओळख झाल्यावर त्याच्या कानामागचे केस सावकाश विंचरून पाहा. तो मान वळवून हुंगेल, जरा चुळबुळ करेल, कदाचित कंगवा चावायलाही बघेल, त्याचे काही नाही. तो गुरगुरला किंवा अंग आखडून थिजून गेला, तर घाई करू नका. दोन दिवसांनी पुन्हा जा, आणि या खेपेला कंगवा सासूबाईंच्या हातात द्या.